डिजिटल पैलवान रंगवताना: अनेक टाइल्सवर सलग त्वचा उतरवण्याची पद्धत

नवशिक्याने रंगवलेला पहिला डिजिटल माणूस, म्हणजे संगणकावरील त्रिमितीय आकृती (मॉडेल), कुठे फसला आहे हे पाहायचे असेल, तर आधी त्याचा गळा पाहावा. चेहरा मन लावून रंगवलेला असतो, छातीही बरी उतरलेली असते. पण दोहोंच्या मध्ये, गोफ घातल्यासारखी, एक बारीक रेघ गळ्याभोवती फिरलेली दिसते. तशीच रेघ खांद्यावर, काखेत आणि जांघेत सापडते. रंगाची निवड चुकल्यामुळे ही रेघ क्वचितच येते. बहुतेक वेळा ती कामाचा क्रम चुकल्यामुळे येते, आणि एकदा बारीक काम झाल्यावर ती पुसणे हे पहिल्यापासून रंगवण्याइतकेच कष्टाचे होऊन बसते. म्हणून या लेखात रंगछटांपेक्षा क्रमावर अधिक भर दिला आहे.

उदाहरण म्हणून लाल मातीतला पैलवान घेतला आहे. कोल्हापुरात राहणाऱ्याला हा विषय गंगावेस किंवा मोतीबाग तालमीच्या दारातच मिळतो, आणि शिकण्याच्या दृष्टीनेही तो योग्य आहे, कारण पैलवानाच्या अंगावर लंगोटाखेरीज काही नसते. त्यामुळे मॉडेलवरील एकही जोड कपड्याखाली लपवता येत नाही. साधन म्हणून ब्लेंडर हे त्रिमितीय कामाचे मोफत सॉफ्टवेअर गृहीत धरले आहे. सबस्टन्स पेंटर हे त्रिमितीय रंगकामाचे दुसरे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी जिथे पद्धत बदलते तिथे तसे सांगितले आहे.

एकाच अंगाचे वेगवेगळे नकाशे

शिंपी सपाट कापड बेतून त्याचे तुकडे करतो आणि ते जोडून सदरा शिवतो. यूव्ही नकाशा तयार करताना हेच काम उलट दिशेने होते: शिवलेला सदरा उसवून त्याचे तुकडे जमिनीवर सपाट मांडले जातात, म्हणजे त्यांवर चित्र काढता येते. जिथे उसवले ती कड म्हणजे शिवण. मानवी आकृतीचे सगळे तुकडे एकाच चौकोनी चित्रात बसवले, तर चेहऱ्याच्या वाट्याला फार थोडी जागा येते. म्हणून चेहरा, धड, हात, पाय यांना स्वतंत्र चौकोन देण्याची रीत पडली. या चौकोनांना टाइल म्हणतात, आणि त्यांना क्रमांक देण्याच्या सर्वाधिक रूढ पद्धतीला यूडिम म्हणतात. न्यूझीलंडमधील वेटा डिजिटल या स्टुडिओत ती आकाराला आली.

यूडिमचा हिशेब सोपा आहे. पहिली टाइल १००१ ही असते. उजवीकडे एकेक घर सरकले की क्रमांक एकाने वाढतो, आणि एका ओळीत दहाच घरे असल्याने वरच्या ओळीची सुरुवात १०११ पासून होते. आपल्या पैलवानासाठी मी चेहरा व मान १००१, धड १००२, दोन्ही हात १००३, दोन्ही पाय १००४, नखे १००५, तोंडाचा आतला भाग १००६ आणि डोळे १००७ अशी वाटणी धरली आहे. तयार मिळालेल्या मॉडेलची वाटणी निराळी असू शकते. ती कोणतीही असली तरी सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवावी.

आता एक हिशेब मांडतो, कारण पुढच्या बहुतेक सूचना त्यावर उभ्या आहेत. शरीराच्या त्वचेचे क्षेत्रफळ काढण्यासाठी वैद्यकात एक सूत्र वापरतात: सेंटिमीटरमधील उंची आणि किलोतील वजन यांच्या गुणाकाराला ३,६०० ने भागून त्याचे वर्गमूळ घ्यायचे, की उत्तर चौरस मीटरमध्ये मिळते. १८० सेंटिमीटर उंची आणि १०० किलो वजन असलेल्या पैलवानाची त्वचा या सूत्राने सुमारे २.२ चौरस मीटर भरते. भाजलेल्या रुग्णांसाठी डॉक्टर जो नवाचा नियम वापरतात, त्यानुसार डोके व मान मिळून ९ टक्के, दोन्ही हात १८ टक्के, पुढून-मागून धड ३६ टक्के आणि दोन्ही पाय ३६ टक्के असतात. म्हणजे चेहरा व मानेच्या वाट्याला सुमारे १,९८० चौरस सेंटिमीटर येतात, तर पायांच्या वाट्याला ७,९२०. दोघांनाही ४,०९६ पिक्सेल बाजूची एकेक टाइल दिली आणि त्या टाइलचा ७० टक्के भाग प्रत्यक्ष वापरात आला असे धरले, तर चेहऱ्यावर एका सेंटिमीटरला सुमारे ७७ पिक्सेल मिळतात, हातांवर ५४ आणि धड व पायांवर फक्त ३८.

याचा अर्थ असा की ४ मिलिमीटरचा तीळ गालावर सुमारे ३१ पिक्सेल रुंद असतो आणि तोच पाठीवर जेमतेम १५ पिक्सेलांत मावतो. चेहऱ्याच्या सपाट चित्रावर आणि धडाच्या सपाट चित्रावर एकाच मापाचा ब्रश फिरवला, तर अंगावर त्याची रुंदी धडाकडे दुप्पट होते. गळ्याच्या शिवणीवर एका बाजूला बारीक दाणा आणि दुसऱ्या बाजूला भरड दाणा दिसतो, तो यामुळे. रंग तंतोतंत जुळवूनही रेघ का दिसते हे अनेक विद्यार्थ्यांना कळत नाही. त्यांनी हा हिशेब आपल्या मॉडेलवर एकदा करून पाहावा.

रंग हातात घेण्यापूर्वीची तपासणी

पहिली गोष्ट म्हणजे आकृती एकसंध आहे की नाही हे पाहणे. ब्लेंडरमध्ये टेक्स्चर पेंटचा, म्हणजे आकृतीवर चढवायचे चित्र (टेक्स्चर) रंगवण्याचा, ब्रश एका वेळी एकाच ऑब्जेक्टवर चालतो. डोके आणि धड ही दोन वेगळी ऑब्जेक्ट असतील, तर गळ्यावरून सलग फटकारा मारताच येणार नाही. ती जोडून एक करावीत. मात्र जोडण्यापूर्वी दोघांच्या यूव्ही नकाशांचे नाव एकच आहे याची खात्री करावी, अन्यथा जोडलेल्या ऑब्जेक्टवर दोन वेगवेगळे नकाशे तयार होतात आणि निम्मे अंग रंग घेत नाही.

दुसरी गोष्ट मटेरिअलची, म्हणजे पृष्ठभागाचा रंग आणि चकाकी ठरवणाऱ्या मांडणीची. पुष्कळ तयार मॉडेलांत चेहरा, धड, हात, पाय यांना वेगवेगळी मटेरिअल्स दिलेली असतात आणि त्या सर्वांचे यूव्ही एकाच पहिल्या चौकोनात एकमेकांवर रचलेले असतात. अशा मॉडेलमध्ये प्रत्येक मटेरिअलचे पृष्ठभाग निवडून त्यांचे यूव्ही आडव्या दिशेने नेमके एक घर, पुढच्याचे नेमके दोन घरे, असे सरकवावेत. हे माउसने ओढून करू नये, आकडा टंकून करावे, कारण किंचितही फरक राहिला तर नकाशाची कड शेजारच्या टाइलमध्ये घुसते. त्यानंतर त्वचेच्या सर्व भागांना एकच मटेरिअल द्यावे. सबस्टन्स पेंटर वापरणाऱ्यांसाठी तर हे अनिवार्य आहे: तिथे प्रत्येक मटेरिअलचा स्वतंत्र टेक्स्चर सेट (चित्रांचा संच) बनतो आणि ब्रशचा फटकारा एका सेटमधून दुसऱ्या सेटमध्ये जात नाही. शिवाय नवा प्रकल्प उघडतानाच यूव्ही टाइल्सची पद्धत आणि तिच्यातील टाइल्स ओलांडून रंगवण्याचा पर्याय निवडावा लागतो.

तिसरी गोष्ट, डावा आणि उजवा हात नकाशावर एकमेकांवर ठेवलेले नाहीत ना, हे पाहावे. खेळांसाठी बनवलेल्या मॉडेलांत जागा वाचवण्यासाठी तसे करतात. मग उजव्या दंडावर काढलेला व्रण डाव्या दंडावरही उमटतो.

ही तपासणी डोळ्यांनी करण्यासाठी एक सोपा उपाय आहे. नवीन चित्र तयार करताना टाइल्सचा पर्याय निवडावा, लागतील तेवढ्या टाइल्स जोडाव्यात आणि प्रत्येक टाइल ब्लेंडरमध्ये मिळणाऱ्या रंगीत चौकड्यांच्या तयार नमुन्याने भरावी. आकृतीवर चौकड्या कुठे ताणल्या आहेत, कुठे तिरप्या झाल्या आहेत आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंना त्यांचा आकार किती बदलतो, हे एका नजरेत कळते. ब्लेंडरमध्ये टाइल्सची सोय २.८२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून आहे. त्याहून जुनी आवृत्ती असेल तर ती बदलून घ्यावी.

संगणकाच्या मेमरीचाही अंदाज घ्यावा. ४,०९६ पिक्सेल बाजूचे, प्रत्येक रंगास ८ बिट असलेले एक चित्र मेमरीत ६४ एमबी जागा घेते. ३२ बिटचे चित्र २५६ एमबी घेते. चार मोठ्या टाइल्स धरल्या तर एकट्या रंगाचे २५६ एमबी होतात, आणि रफनेस (चकाकी किती कमी-जास्त ते सांगणारा नकाशा), उंची व माती यांचे नकाशे जोडत गेले की आकडा झपाट्याने वाढतो. साध्या संगणकावर शिकणाऱ्याने २,०४८ पिक्सेलच्या टाइल्सवर सराव करावा. तिथे हाच भार एक चतुर्थांश होतो आणि पद्धतीत काहीही फरक पडत नाही.

संदर्भासाठी छायाचित्रे

कोल्हापूरच्या पावसाळ्यातील ढगाळ उजेड या कामाला फार अनुकूल आहे. आभाळ भरून आलेले असताना सावल्या जवळजवळ नाहीशा होतात आणि त्वचेचा स्वतःचा रंग उघडा पडतो. उन्हात काढलेल्या छायाचित्रातील सावली टेक्स्चरमध्ये गेली, की रेंडरमध्ये, म्हणजे संगणकाने काढलेल्या अंतिम चित्रात, प्रकाश कोणत्याही दिशेने येवो, ती सावली तिथेच चिकटून राहते. प्रत्येक छायाचित्रात एक करडे कार्ड धरायला सांगावे, म्हणजे सगळ्यांचा रंगतोल नंतर एकसारखा करता येतो. चेहरा सकाळी आणि पाठ संध्याकाळी टिपली, तर गळ्यावरची रेघ त्या क्षणीच तयार होते; संपूर्ण अंगाची छायाचित्रे एकाच ठिकाणी, एकाच बैठकीत घ्यावीत.

तालमीत जाऊन छायाचित्रे काढायची असतील, तर आधी वस्तादांची आणि मग त्या पैलवानाची परवानगी घ्यावी, आणि ही छायाचित्रे कशासाठी वापरली जाणार आहेत हे लिहून द्यावे. माणसाची त्वचा, तिच्यावरचे व्रण आणि तीळ ही त्याची ओळख असते. ती दुसऱ्याच्या चेहऱ्यावर चढवताना त्याला अंधारात ठेवणे योग्य नाही.

मूळ अंगरंग: आधी संपूर्ण अंग

गणपतीच्या आधी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून फेरी मारली, तर या कामाचा क्रम डोळ्यांसमोर दिसतो. मूर्तीचे वेगळे घडवलेले भाग आधी जोडले जातात, सांधे भरून घासले जातात, मग संपूर्ण अंगावर एकच अंगरंग फिरतो, आणि डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, हातखंडा कारागिराकडून होते. डोळे आधी आखून मग मान रंगवायला घेणारा कारागीर मला अजून भेटलेला नाही. नवशिका मात्र संगणकावर नेमके हेच करतो: चेहऱ्याच्या टाइलवर आठवडा घालवतो आणि धड नंतर त्याला जुळवू पाहतो.

म्हणून सर्व टाइल्स एकाच रंगाने भरून सुरुवात करावी. सावळ्या वर्णासाठी लाल, हिरवा, निळा या क्रमाने १५०, १०५, ८० हे आकडे मी सुरुवातीला घेतो. हे आकडे प्रमाण नाहीत, आपल्या छायाचित्रांवरून ते बदलावेत. यानंतर मोठा, मऊ कडेचा ब्रश आणि दहा-पंधरा टक्के इतकीच तीव्रता घेऊन अंगाचे ढोबळ रंगप्रदेश मांडावेत. चेहऱ्याचे तीन पट्टे चित्रकारांना पूर्वापार ठाऊक आहेत: कपाळ किंचित पिवळसर, नाक-गाल-कान या मधल्या पट्ट्यात रक्तवाहिन्या दाट असल्याने तांबूसपणा, आणि पुरुषांच्या हनुवटीभोवती दाढीच्या खुंटांमुळे निळसर करडेपणा. सावळ्या त्वचेत यांखेरीज डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेने, मानेच्या वळ्यांत, कोपर, गुडघे आणि बोटांच्या पेरांवर गडद तपकिरी छटा असते, तर तळहात आणि तळपाय स्पष्टपणे फिके असतात, कारण तिथे मेलॅनिन कमी आणि वरचा थर जाड असतो.

पैलवानाचे अंग याहून थोडे वेगळे असते. चेहरा, मान आणि हात उन्हाने रापलेले असतात. कोपर आणि गुडघे मातीत घासून घट्ट झालेले असतात. कान पुष्कळदा मुडपलेले असतात; वारंवारच्या माराने कूर्चा आणि तिच्यावरचे आवरण यांच्यामध्ये रक्त साकळून ते घट्ट होतात, त्यामुळे त्यांचा तांबूसपणा इतर माणसांच्या कानांपेक्षा कमी ठेवावा लागतो. या टप्प्यावर डाव्या-उजव्या बाजूची सममिती चालू ठेवायला हरकत नाही.

चित्राचा तांबूसपणा एकंदरीत थोडा कमीच ठेवावा. त्वचेत शिरलेला प्रकाश आत पसरून बाहेर येतो, आणि त्यातील लाल भाग सर्वांत लांब पसरतो. ब्लेंडरच्या मुख्य शेडरमध्ये (पृष्ठभाग प्रकाशात कसा दिसेल हे ठरवणाऱ्या भागात) या पसरण्याचे मूळ प्रमाण लाल, हिरवा, निळा यांसाठी १, ०.२ आणि ०.१ असे दिलेले आहे. म्हणजे रेंडर करताना लाली आपोआप वाढते. नकाशातही ती भरपूर भरली, तर पैलवान मेणाच्या पुतळ्यासारखा दिसू लागतो.

शिवण ओलांडताना

शिवणीच्या आसपासचे सर्व काम आकृतीवरच, त्रिमितीत करावे. सपाट चित्रावर करू नये. आकृतीवर रंगवताना ब्रशचे माप पडद्यावर ठरते, त्यामुळे शिवणीच्या दोन्ही बाजूंना तो अंगावर सारखीच जागा व्यापतो आणि पिक्सेलांच्या घनतेतील फरक संगणक स्वतः सांभाळतो. वर मांडलेला हिशेब इथे कामाला येतो.

फटकारा शिवणीला आडवा असावा, समांतर नसावा. गळ्यावर काम करताना हनुवटीकडून छातीकडे जावे आणि प्रत्येक वेळी शिवण ओलांडून किमान चार बोटे पुढे जाऊन थांबावे. आकृती अशी फिरवावी की ज्या शिवणीवर काम चालले आहे ती आपल्या अगदी समोर असेल. ब्लेंडर आपल्यापासून फार वळलेल्या पृष्ठभागांवर रंग कमी करत नेतो, आणि अगदी कडेला तो लागतच नाही. पैलवानाला समोर उभा ठेवून त्याच्या खांद्याच्या कडेवर रंग लावला, तर कडेजवळ तो विरळ होतो आणि पाठीकडून पाहिल्यावर एक फिकट पट्टा दिसतो. काखेसाठी हात वर केलेली स्थिती वेगळी जतन करून ठेवावी.

ब्लीड नावाची एक लहानशी सेटिंग आहे आणि तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. नकाशावरील तुकड्याच्या कडेबाहेर किती पिक्सेलांपर्यंत रंग सांडू द्यायचा, हे ती ठरवते. मूळ मूल्य २ पिक्सेल असते. दुरून पाहताना संगणक चित्राच्या अर्ध्या, पाव, अष्टमांश मापाच्या प्रती वापरतो, आणि प्रत्येक वेळी कडेबाहेरचा रंग आत मिसळत जातो. २ पिक्सेलचा पट्टा पहिल्याच पायरीला १ पिक्सेल उरतो आणि मग पार्श्वभूमीचा काळा रंग रेघ म्हणून डोकावतो. ४,०९६ च्या टाइलसाठी ही कड १६ पिक्सेल ठेवली, तर चार पायऱ्यांपर्यंत ती टिकते. याच कारणासाठी टाइलची रिकामी पार्श्वभूमीही काळी न ठेवता मूळ अंगरंगाने भरलेली असावी.

त्वचेवरील बारीक चट्टे आणि रंगाचा दाणेदारपणा हाताने रंगवण्यापूर्वी एक युक्ती वापरावी. शेडरमधील नॉइज हा संगणकाने तयार केलेला अनियमित नमुना यूव्ही नकाशाऐवजी वस्तूच्या स्वतःच्या त्रिमितीतील जागेवरून घ्यावा. तो गळ्याचा प्रत्येक बिंदू अवकाशात कुठे आहे एवढेच पाहतो. नकाशावरील शिवणीचे त्याला भानच नसते, त्यामुळे तो अखंड राहतो. हा नमुना टाइल्सवर बेक करून घेतला, म्हणजे त्यांच्या चित्रांत कायमचा उतरवला, की हाताने करायच्या कामाला सलग आधार मिळतो. सबस्टन्स पेंटरमध्ये यासाठी ट्रायप्लॅनर प्रक्षेपण, म्हणजे तीन दिशांनी नमुना टाकण्याची सोय, वापरावी.

या टप्प्याच्या शेवटी थांबावे आणि प्रकाश बंद करून, म्हणजे सपाट छायांकनात, फक्त रंग पाहावा. गळा, दोन्ही खांदे, काखा, जांघा आणि मांड्यांच्या आतल्या बाजूने जाणारी उभी शिवण, असा फेरा ठरवून घ्यावा. या फेऱ्यात एकही रेघ दिसत नसेल तरच तीळ, व्रण आणि शिरा यांच्याकडे वळावे. तेव्हा सममिती बंद करावी. दोन्ही गालांवर एकाच जागी तीळ असलेला माणूस लगेच खोटा वाटतो.

माती

पैलवानाच्या अंगावरची माती हा या कामातला सर्वांत समृद्ध भाग आहे, आणि माझ्या मते अनेक टाइल्सवर काम शिकण्यासाठी याहून चांगला पाठ नाही. आखाड्यातील तांबडी माती ताक, लिंबू, हळद, तेल अशा गोष्टी घालून मळलेली असते. ती अंगाला नुसत्या धुळीसारखी लागत नाही, चिकटते. मान पकडली जाते, पाठ जमिनीला घासते, पट काढताना खांदा आणि कानाची बाजू मातीत जाते. म्हणजे एकच ओरखडा कानापासून मानेवरून खांद्यावर आणि तिथून दंडावर जातो, आणि तेवढ्यात तो तीन टाइल्स ओलांडतो.

अशी माती थेट रंगाच्या नकाशावर काढू नये. तिच्यासाठी सर्व टाइल्सचा एक वेगळा करड्या छटांचा मास्क तयार करावा: काळ्या जागी माती नाही, पांढऱ्या जागी पूर्ण माती. मग शेडरमध्ये हा एकच मास्क तीन ठिकाणी जोडावा. रंगात तो त्वचा आणि माती यांचे मिश्रण ठरवतो. रफनेसमध्ये घामाने चकाकणाऱ्या त्वचेच्या सुमारे ०.३५ वरून कोरड्या मातीच्या ०.९ पर्यंत नेतो. आणि उंचीमध्ये मातीचा थर किंचित वर उचलतो. रंग, चकाकी आणि उंची वेगवेगळ्या नकाशांत स्वतंत्र रंगवली, तर शिवणीवर तिन्ही जुळवावी लागतात. एका मास्कमधून तिन्ही निघाली, तर एकच जुळवावे लागते. शिवाय वस्तादांनी पाहून माती फार झाली असे म्हटले, तर मास्क पुसता येतो आणि खालची त्वचा शाबूत राहते.

मातीचा पोत काढण्यासाठी आधी पसरट, अनियमित कडेचा ब्रश घेऊन दिशा मांडावी. पाठीवर ती उभी-आडवी घासलेली असते, मांडीवर हाताच्या पंजाचे ठसे असतात, छातीवर घामाच्या ओघळांनी ती धुतली गेलेली असते. हे ओघळ मास्कमध्ये काळ्या बारीक ब्रशने वरून खाली काढावेत, आणि छातीवरून पोटाकडे जाताना त्यांचा मार्ग स्नायूंच्या खळग्यांतून जाऊ द्यावा. मानेच्या वळ्या, कानाची घडी आणि नखांच्या कडा इथे ओलसर, गडद माती साठते. नखांची टाइल वेगळी असल्याने ती हमखास विसरली जाते.

छिद्रे, सुरकुत्या आणि उंचीचा नकाशा

त्वचेची छिद्रे आणि सुरकुत्या नॉर्मल मॅपवर, म्हणजे पृष्ठभागाचा उतार रंगांत नोंदवणाऱ्या चित्रावर, थेट रंगवू नयेत. नॉर्मल मॅपमधील निळ्या-जांभळ्या रंगांचा अर्थ त्या जागी नकाशाचा तुकडा कोणत्या दिशेला वळवून मांडला आहे यावर अवलंबून असतो. मानेचा तुकडा उभा आणि छातीचा आडवा मांडलेला असेल, तर शिवणीच्या दोन बाजूंना तोच रंग दोन वेगळ्या उतारांचा अर्थ सांगतो, आणि सपाट छायांकनात न दिसलेली रेघ दिवा लावताच प्रकट होते. उंचीच्या करड्या नकाशात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण करडा म्हणजे करडाच. म्हणून उंची रंगवावी आणि नॉर्मल मॅपची गरज पडलीच तर तो शेवटी तिच्यापासून बेक करावा. उंचीचे चित्र ३२ बिटचे घ्यावे. ८ बिटांत २५६ च पायऱ्या असल्याने हळुवार चढावर जिने दिसू लागतात. आकृतीच्या रंगाचा नकाशा एसआरजीबी या पडद्याच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, तर रफनेस, उंची आणि मातीचा मास्क हे सर्व नॉन-कलर, म्हणजे रंग नसून नुसते आकडे, म्हणून नोंदवावेत. ही नोंद प्रत्येक चित्राला एकदाच करायची असते, पण चुकली तर चकाकी अंगभर बिघडते आणि कारण सापडत नाही.

चेहऱ्यावर जितकी बारीक छिद्रे काढता येतात तितकी धडावर काढता येत नाहीत, कारण तिथे सेंटिमीटरला ३८ च पिक्सेल आहेत. म्हणून चेहऱ्याकडील बारकावा हनुवटीच्या खालून कमी करत आणावा, म्हणजे शिवणीपाशी पोहोचेपर्यंत तो धडाच्या क्षमतेइतका झालेला असेल.

जतन करणे आणि शेवटची तपासणी

ब्लेंडरची मुख्य फाइल जतन केली म्हणजे रंगवलेली चित्रे जतन झाली असे नसते. ती वेगळी जतन करावी लागतात. हे मी एका वळवाच्या पावसात शिकलो. दुपारी वीज गेली, मुख्य फाइल तासाभरापूर्वीची शाबूत होती, पण ती उघडल्यावर पैलवान सकाळी भरलेल्या सपाट रंगाचाच होता, आणि त्यानंतर केलेले मानेचे व खांद्यांचे काम गेले होते. तेव्हापासून प्रत्येक अर्ध्या तासाने सर्व चित्रे एकत्र जतन करण्याची आज्ञा मी देतो आणि दिवसअखेर टाइल्सचे संपूर्ण फोल्डर तारीख घालून दुसऱ्या डिस्कवर उतरवतो.

फाइलच्या नावात टाइलचा क्रमांक असलाच पाहिजे, उदाहरणार्थ पैलवान, रंग आणि शेवटी १००१; तो क्रमांक इंग्रजी अंकांत टंकावा आणि त्याच्या आधी बिंदू किंवा खालची रेघ द्यावी. एकाच नकाशाच्या सर्व टाइल्सचे नाव क्रमांक सोडून अक्षरशः सारखे ठेवावे. एखाद्या टाइलच्या नावात एक मोकळी जागा जास्त पडली, तरी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती सापडत नाही आणि पाय पांढरे किंवा जांभळे दिसतात.

शेवटच्या तपासणीसाठी अंधाऱ्या दृश्यात एकच लहान दिवा घ्यावा आणि तो आकृतीभोवती खालून, बाजूने, मागून असा सावकाश फिरवावा. रंगातील रेघ सपाट छायांकनात दिसते, पण चकाकीतील आणि उंचीतील रेघ फक्त तिरप्या प्रकाशातच दिसते. त्यानंतर पैलवानाला हालवून पाहावे: मान वळवावी, हात डोक्यावर न्यावा, बैठक मारायला लावावी. काखेतील आणि जांघेतील पृष्ठभाग ताणले गेल्यावर तिथला दाणा लांबट झालेला दिसला, तर तो तेवढ्याच जागी, ताणलेल्या स्थितीत दुरुस्त करावा. हे सर्व झाल्यावर नवीन, रिकामी फाइल उघडून आकृती आणि टाइल्स तिच्यात आणाव्यात. तिथेही गळा स्वच्छ दिसला, की डोळ्यांची टाइल, १००७, रंगवायला घ्यावी.